मिसळणाचा डबा

मिसळणाचा डबा उसना देता येत नाही. म्हणजे द्यायला हरकत काही नाही, पण घेणाऱ्याला त्याचा उपयोग होत नाही. बाहेरून सगळे डबे सारखेच. स्टीलचा गोल डबा, आत सात वाट्या आणि एक चिमुकला चमचा. पण मोहरी कुठल्या वाटीत, हळद कुठल्या, हिंगाची डबी मधे की कडेला, हे प्रत्येक घराचं वेगळं. बदलापुरात लोडशेडिंग रोजचं होतं त्या वर्षांत माझी आई अंधारात फोडणी द्यायची. मेणबत्ती लागेपर्यंत आमटीला फोडणी बसलेली असे. हात बरोबर त्या त्या वाटीवर पडायचा. तोच हात काकूच्या स्वयंपाकघरात चाचपडायचा, भर उजेडात.

कॉम्प्युटरचा डेस्कटॉप हाही एक मिसळणाचा डबाच आहे, असं माझं हळूहळू मत होत गेलंय. आणि हे मत होण्याचं कारण आहे आमची आत्या.

आत्या २०१८ मध्ये अंबरनाथहून आमच्याकडे सोनिवलीला राहायला आली. आली तेव्हा सोबत दोन ट्रंका, देव्हारा आणि तिचा कॉम्प्युटर. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेली बाई. निवृत्तीनंतर लिहायला बसली ती अजून लिहितेच आहे. चाळीतल्या आठवणी, काड्यापेटीच्या कारखान्याचा भोंगा, शिवमंदिराजवळची शिवरात्रीची जत्रा, तिच्या आईच्या तोंडच्या म्हणी, कुणाच्या लग्नात काय बिनसलं ते. 'छापायचं नाहीये मला, नातीला वाचता आलं म्हणजे झालं,' असं म्हणते.

तिला काचबिंदू आहे. मोतीबिंदू आणि काचबिंदू यांत आपण गल्लत करतो म्हणून सांगतो. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं आणि ते बदलता येतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू निकामी होते. नजर बहुधा कडेकडेने जाते, समोरचं बराच काळ शाबूत राहतं. गेलेली नजर परत येत नाही. औषधाच्या थेंबांनी उरलेली राखायची, एवढंच. आत्याच्या शब्दांत, 'मधे दिवा आणि कडेला अंधार.' दर सहा महिन्यांनी नजरेचा नकाशा काढतात. त्यावरचा काळा भाग मागच्या वेळेपेक्षा किती वाढला, हे आम्ही दोघं रिक्षात बसून बघतो. बोलत फारसं नाही.

आता या माणसाच्या नजरेने आपला नेहमीचा डेस्कटॉप बघा. खिडकी बंद करायची फुली कुठे? वरच्या उजव्या कोपऱ्यात. मेनू कुठे? खालच्या डाव्या कोपऱ्यात. घड्याळ, आवाज, सूचना, सगळं कोपऱ्यात. जे जे महत्त्वाचं ते ते कडेला नेऊन ठेवलंय आणि मधली मोक्याची जागा रिकामी. तिथे डोंगराचा नाहीतर तळ्याचा फोटो! चांगली नजर असलेल्याला हे सोयीचं वाटतं. आत्याला मात्र माऊस घेऊन अंधारात शिरावं लागतं.

त्यातही माणूस सवयीने निभावतो. फुली दिसत नसली तरी कुठे आहे हे हाताला माहीत असतं. पण ती तिथेच राहिली तर ना! गेल्या वीसेक वर्षांत डेस्कटॉप बनवणाऱ्यांनी किती वेळा वाट्या हलवल्या बघा. २००८ च्या जानेवारीत केडीई ४ आलं आणि केडीई ३ वाले गोंधळले. २०११ मध्ये ग्नोम ३ आलं, त्यात खालची पट्टी गेली. त्याच वर्षी उबुंटूने युनिटी आणलं, त्यात बटणं डाव्या कडेला उभी. २०१२ मध्ये विंडोज ८ ने तर स्टार्टचं बटणच काढून टाकलं. लोक इतके वैतागले की पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये ते बटण परत आणावं लागलं. प्रत्येक बदलामागे कुणाचा तरी विचार होता, टचस्क्रीन येऊ घातले होते, सगळं खरं. पण त्या विचारात अंबरनाथची निवृत्त शिक्षिका नव्हती.

मला हलक्या डेस्कटॉपांचं वेड जुनंच आहे. कॉलेजात असताना जुन्या मशीनवर काहीतरी चालवायचं म्हणून लागलेलं. तेव्हा घरी इंटरनेट म्हणजे डायल-अप, सातशे एमबी उतरवायचा विचारसुद्धा करवत नसे. मासिकांबरोबर सीडी यायच्या. २००५ पासून उबुंटूच्या सीडी तर मागितल्या की पोस्टाने फुकट घरी येत. २०११ मध्ये ती योजना बंद झाली. एक सीडी सात-आठ जणांकडे फिरून यायची, येताना तिच्यावर ओरखडे आणि कुणाच्या तरी चहाचा वास.

पपी लिनक्स, डॅम स्मॉल लिनक्स ही नावं त्या काळातली. पपी २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बॅरी काउलर यांनी सुरू केलं. सगळी सिस्टिम रॅममध्ये चढायची, सीडी काढून ठेवली तरी चालायची. डॅम स्मॉलचा पण होता की सगळं ५० एमबीत बसवायचं, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या सीडीवर. २००६ मध्ये तैवानच्या एका तरुणाने, हाँग जेन यी याने, एलएक्सडीई सुरू केलं. आणि या सगळ्यांच्या आधीपासून, १९९७ पासून, मार्को माचेक यांचं आइसडब्ल्यूएम होतंच. खाली एक पट्टी, एक मेनू, खिडक्यांना कडा. बास.

हलकं म्हणजे कमी रॅम खाणारं, अशी आमची तेव्हाची व्याख्या. ती चूक नाही. आत्याचं मशीन २००९ चं, जोडून घेतलेलं, रॅम २ जीबी. लॉगिन झाल्यावर त्यातली सव्वादोनशे एमबीच्या आसपास वापरलेली दिसते. पण आत्याच्या निमित्ताने मला आइसडब्ल्यूएमचा दुसराच गुण दिसला. ते हलत नाही. जवळजवळ तीस वर्षं झाली, खालची पट्टी खालीच आहे. आवृत्त्या येतात, आतले दोष दुरुस्त होतात, पण तुम्ही लिहून ठेवलेली मांडणी जशीच्या तशी उचलली जाते. २०१८ मध्ये मी तिच्यासाठी अँटिएक्स बसवलं. हे डेबियनवर बांधलेलं, मुळात ग्रीसमधलं, खास जुन्या मशीनसाठीचं लिनक्स, आणि त्यात आइसडब्ल्यूएम आयतंच असतं. मधल्या काळात अँटिएक्स सतरावरून तेवीसवर आलं. आत्याला विचारलंत तर ती म्हणेल, 'काही बदललं का? मला नाही कळलं.' याहून मोठं प्रशस्तिपत्रक कुठल्या सॉफ्टवेअरला मिळालेलं मला माहीत नाही :)

तर मांडणी. माझा स्वतःचा डेस्कटॉप तिला द्यायचा प्रश्नच नव्हता. माझ्या पडद्यावर बटण नावाची वस्तू नाही, सगळं कीबोर्डवरून चालतं, कोपऱ्यात बारीक अक्षरात तापमान आणि रॅमचे आकडे पळत असतात. तो माझा डबा. तिच्यासाठी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

'तू दिवसभरात यावर काय काय करतेस?' मी विचारलं.

'लिहिते. मेल बघते. पेपर वाचते. नातीचे फोटो बघते.'

'आणि?'

'आणि बंद करते. आणखी काय करायचं असतं रे?'

पाच कामं. म्हणून पाच बटणं, पडद्याच्या मधोमध, एकाखाली एक, तळहाताएवढी: लेखन, पत्रं, पेपर, फोटो, बंद. पाठीमागे सपाट गडद निळा रंग, त्यावर पिवळट अक्षरं. रॉक्स नावाचा एक जुना फाइल मॅनेजर आहे, त्याने अशी बटणं पडद्यावर टाचून ठेवता येतात. खिडकी उघडली की मधोमधच उघडावी, कडेला जाऊ नये, हेही आइसडब्ल्यूएमला सांगून ठेवता येतं. फुली शोधायचीच नाही, एफ-१२ दाबलं की खिडकी बंद. त्या कळीवर तिने लाल टिकली चिकटवली. देव्हाऱ्यातल्या पाकिटातली.

मॉनिटर उल्हासनगरला एका जुन्या मालाच्या दुकानातून आणला, जुन्या चौकोनी घाटाचा. रुंद पडद्याच्या दोन्ही कडा तिला वायाच जातात.

मग आला टायपिंगचा प्रश्न. आत्याने लग्नाआधी मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती, मिनिटाला तीस शब्द. तिची बोटं रेमिंग्टनच्या मांडणीवर चालतात. गोदरेजने २००९ साली टाइपरायटर बनवणं थांबवलं, पण आत्याच्या बोटांना ते कुणी सांगितलं नाही. अडचण अशी की टाइपरायटरवर 'कि' लिहायचं तर आधी वेलांटी मारायची आणि मग क, कारण कागदावर वेलांटी डावीकडे येते. युनिकोडमध्ये उलटं, आधी क, मग वेलांटी. टाइपरायटरवर अक्षराचा अर्धा भाग आणि काना वेगवेगळे मारून पूर्ण अक्षर बनतं, युनिकोडमध्ये पूर्ण अक्षर हेच मूळ. ही उलटापालट मधे बसून कुणीतरी करायला हवी. लिनक्सवर एम१७एन नावाचा संच आहे, त्यात मराठीसाठी इन्स्क्रिप्ट आहे, रेमिंग्टन आहे आणि आपल्या पिढीचं लाडकं गमभनसुद्धा आहे. रेमिंग्टन निवडलं, आत्याने हात ठेवला आणि डोळे मिटून एक ओळ मारली. मग डोळे उघडून वाचली. बरोबर होती. काही बोलली नाही, पण दुपारचा चहा राहिला तिचा त्या दिवशी.

तेवढ्यात बाईंमधली शिक्षिका जागी झाली. 'हा ल आपला नाही. हा हिंदीचा.' युनिकोडमध्ये मराठी ल आणि हिंदी ल यांचा क्रमांक एकच आहे. रूप कुठलं दिसणार ते फॉन्ट आणि भाषेची निवड यावर ठरतं. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेबद्दल निर्णय काढला, त्यात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श असंच सांगितलंय. सिस्टिमची भाषा मराठी ठेवली, मराठी रूपं भरलेला फॉन्ट निवडला, ल सुधारला. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित हा फॉन्ट मुक्त केला, त्याआधी लिनक्सवर नीट मराठी दिसणं हीच नवलाई होती. लोहित म्हणजे लाल, रेड हॅटवरून. आता निवडायला पुष्कळ फॉन्ट आहेत. ल आपला की परका यावर अडून बसायची चैन आपल्याला परवडते, हे किती छान!

आता मला खरं सांगायचंय ते पुढचं आहे.

या सगळ्या मांडणीचं वजन किती? काही केबी. आइसडब्ल्यूएमची मांडणी चार-पाच साध्या मजकुराच्या फाइलींत असते: मेनूची एक, पट्टीवरच्या बटणांची एक, कळींची एक, आवडीनिवडींची एक, कुठली खिडकी कुठे उघडायची त्याची एक. कुठल्याही एडिटरमध्ये उघडा, वाचा, बदला. ही फाइलींची पिशवी टिंबाने सुरू होणाऱ्या नावाच्या फोल्डरात असते, म्हणून सहसा दिसत नाही. या टिंबाचीही एक गंमत आहे. युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात फाइलींची यादी दाखवताना 'हेच फोल्डर' आणि 'वरचं फोल्डर' यांच्या टिंब आणि दोन टिंबं अशा नोंदी लपवायच्या होत्या. लिहिणाऱ्याने सोपा मार्ग काढला, टिंबाने सुरू होणारं काहीही दाखवायचं नाही. मग लोकांनी आपल्या आवडीनिवडींच्या फाइली टिंबामागे लपवायला सुरुवात केली. रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये ही हकीकत लिहिली, आणि हे ठरवून झालेलं नाही असं बजावलं. म्हणजे जगभरचे लिनक्सवाले ज्या 'डॉटफाइल्स' एकमेकांना कौतुकाने देतात, त्यांचं नावच एका आळसातून आलंय.

अशा फाइलींत एक सोय असते. ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाकलं की कॉम्प्युटर ती ओळ सोडून देतो. ती ओळ माणसासाठी. मी आत्याच्या फाइलींत प्रत्येक ठिकाणी अशा ओळी लिहून ठेवल्यात, मराठीत. 'इथला आकडा वाढवला की अक्षर मोठं होतं.' 'हा रंग पिवळट का? पांढरा तिच्या डोळ्यांना झोंबतो.' 'ही ओळ काढू नये, काढली तर खिडकी कोपऱ्यात जाते.' हे माझ्यासाठी नाही. मी रोज सकाळी ७ च्या लोकलला लटकतो, उद्या मी घरी नसताना, किंवा मी नसतानाच, हे कुणालातरी उघडावं लागणार. भाचीला, बायकोला, शेजारच्या एखाद्या पोराला. त्यांना नुसती मांडणी मिळून उपयोग नाही, मांडणीचं कारण मिळालं पाहिजे.

२०१९ च्या जुलैत उल्हास नदीला पूर आला, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढलं, ते तुम्हाला आठवत असेल. त्या रात्री पश्चिमेच्या सखल भागात पाणी चढत होतं, दिवे नव्हते. आम्ही कागदपत्रांच्या पत्र्याच्या डब्यात आधार कार्डं, पासबुकं आणि आत्याचा पेन ड्राइव्ह ठेवला. त्यात तिचं सगळं लेखन आणि मांडणीच्या त्या फाइली. कॉम्प्युटर गेला असता तर दुसरा आला असता आणि तासाभरात 'लेखन' पुन्हा मधोमध पहिल्या जागी दिसलं असतं. आत्याने विचारलं, 'माझं सगळं यात?' हो म्हटल्यावर शांत झाली.

मग तिची मांडणी फिरू लागली. आधी शेजारचे काका आले. 'आत्याबाईंसारखं मलाही करून द्या की हो!' अँटिएक्समध्ये एक साधन आहे, चालू सिस्टिमची जशीच्या तशी प्रत काढायचं. तिच्यापासून पेन ड्राइव्ह बनवला की दुसऱ्या कॉम्प्युटरवर थेट चालतो. प्रत काढताना ते एक प्रश्न विचारतं: खाती तशीच ठेवायची, म्हणजे ही प्रत तुमच्या स्वतःसाठी आहे? की खाती पुसायची, म्हणजे प्रत दुसऱ्याला द्यायची आहे? पहिल्यात तुमचे पासवर्ड, पत्रं, फोटो सगळं जातं. दुसऱ्यात तुम्ही पुसले जाता आणि उरतं ते घर. पुसलेल्या प्रतीतही मांडणी राहावी असं वाटत असेल तर ती आधी 'स्केल' नावाच्या फोल्डरात ठेवावी लागते. स्केल म्हणजे स्केलेटन, सांगाडा. नवं खातं उघडलं की या सांगाड्यातून त्याचं घर तयार होतं.

मला हा प्रश्न फार आवडतो. देताना आपण नेमकं काय देतोय? मी दुसरा पर्याय निवडला, आत्याची पत्रं पुसली, सांगाड्यात पाच बटणं आणि माझ्या मराठी ओळी ठेवल्या आणि काकांना दिलं. महिन्याभराने बघतो तर काकांनी 'लेखन' काढून टाकलेलं, तिथे सोसायटीचा हिशोब. बटणं मधून उचलून खाली पट्टीवर नेलेली, कारण त्यांची नजर चांगली आहे आणि मधे त्यांना विठोबा हवा होता. रंग भगवा. मी काही बोललो नाही. बदलायचं कसं, ते त्यांनी माझ्या हॅशच्या ओळी वाचून शोधलं होतं. खाली स्वतःची एक ओळ घातलेली: 'विठ्ठल हलवू नये.'

सांगलीच्या मामेबहिणीने मुलासाठी नेलं, त्याने त्यात खेळ भरले. आत्याच्या अमेरिकेतल्या मुलाने त्याच्या डेस्कटॉपचं चित्र पाठवलं, एकमेकींना खेटून बसलेल्या खिडक्या, धूसर काच, जपानी अक्षरं. सुंदर. आत्या बघून म्हणाली, 'छान आहे. पण हा यावर करतो काय?' दाखवायचा डेस्कटॉप आणि वापरायचा डेस्कटॉप यांत एवढा एकच प्रश्न उभा आहे.

आमच्याच लाइनवर थोडं पुढे, कर्जत तालुक्यात खैराट म्हणून धनगरवाडा आहे. तिथल्या एका खोलीच्या, एका शिक्षकाच्या शाळेत २००७ मध्ये 'प्रत्येक मुलाला लॅपटॉप' या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. २५६ एमबी रॅम, १ जीबी साठवण, आणि त्यावर शुगर नावाचा लिनक्सचा डेस्कटॉप. त्यात फोल्डर नाहीत, कोपऱ्यातले मेनू नाहीत. पडद्याच्या मधोमध मूल आणि त्याच्याभोवती गोल करून त्याची कामं. एक पायरी मागे गेलं की आसपासची बाकीची मुलं दिसतात, त्यांच्याबरोबर एकच चित्र काढता येतं. आणि कीबोर्डावर एक कळ अशी, की समोरचा प्रोग्राम आतून कसा लिहिलाय ते दाखवावं. आपल्या सरकारने २००६ मध्येच या प्रकल्पाला नकार दिला होता आणि देशात तो कधी फोफावला नाही. त्याची कारणं आणि वाद पुष्कळ आहेत, त्यात शिरत नाही. पण आत्याची बटणं मधोमध लावताना मला ती रचना आठवत होती. वापरणारं माणूस मधे, आणि आत डोकवायला दार उघडं. दहा वर्षांच्या पोराला जे लागतं तेच पंचाहत्तरीच्या बाईला लागलं.

सगळं गोड आहे असं मात्र नाही. डेस्कटॉप सव्वादोनशे एमबीत बसतो आणि त्यावर ब्राउझर उघडून वर्तमानपत्राची चार पानं काढली की दीड जीबी जाते. ओझं डेस्कटॉपचं नाही, पानांचं आहे, आणि ते आपल्या हातात नाही. निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला, बँक, ही कामं फोनवरच होतात. जुनी मशीनही एकेक करून मागे पडतायत. डेबियनची तेरावी आवृत्ती २०२५ च्या ऑगस्टमध्ये आली, ती ३२ बिटच्या जुन्या मशीनवर बसवायची सोय ठेवलेली नाही. मोझिलानेही त्याच वर्षी ३२ बिट लिनक्ससाठी नवा फायरफॉक्स देणं थांबवलं. आत्याचं मशीन ६४ बिटचं आहे म्हणून ती सुटली. आणि दुसऱ्या टोकाला, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपल्यापासून आमच्या सोसायटीत धडधाकट लॅपटॉप भंगाराच्या वाटेवर आहेत, विंडोज ११ ला लागते ती चिप त्यांत नाही म्हणून. लोक विचारतात, 'तुमचं ते हलकं काहीतरी असतं ना, टाकून द्या ना यावर.'

देतो. पण आता आधी कागद-पेन्सिल घेऊन बसतो आणि तोच प्रश्न विचारतो, यावर दिवसभरात काय काय करता? बहुतेकांची कामं पाच-सातच्या वर जात नाहीत. सात वाट्या पुरतात. कुठली कुठे ठेवायची ते त्यांनी सांगायचं, मी फक्त डबा देतो आणि हॅशच्या ओळी. त्या ओळी मात्र न विसरता.

गेल्या नकाशात आत्याच्या डाव्या डोळ्याचा काळा भाग थोडा सरकलाय. आम्ही बटणं आणखी मधे घेतली, अक्षर दोन आकड्यांनी वाढवलं. या वेळी आकडा तिने स्वतः बदलला, फाइल उघडून, माझी ओळ वाचून. मग त्याखाली रेमिंग्टनच्या वेगात हॅश टाकून तिने आपली एक ओळ लिहिली, तारखेसह: 'आज अक्षर वाढवले. अजून जागा आहे.'